आतून कडी, बाहेरून काका

परवा पुण्यातल्या एका लग्नात मी अठ्ठावीस मिनिटं कार्यालयाच्या संडासात होतो. त्यातली चार माझ्या गरजेची, चोवीस टॉवर बोल्टची.

जून महिना. लाकूड दमटपणानं फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. त्यात बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार खाली लोंबतं, आणि बोल्टची दांडी व चौकटीतलं भोक यांची पत्रिका जुळेनाशी होते. मी दांडी कशीबशी घुसवली होती. काढताना तिचं बोंड माझ्या हातात आलं, दांडी जागेवर.

दार बडवलं. बाहेर सनई जोरात. बऱ्याच वेळानं एक म्हातारा आवाज आला, "आत कोणी आहे का?"

"आहे! कडी अडकलीय."

"मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मुलीकडचा."

"मग कार्यालयाच्या माणसाला तुमच्याच लोकांनी बोलवायला हवं. बुकिंग मुलीकडचं आहे." थोडी शांतता. "गाव कुठलं तुमचं?"

"वाई."

"वाईत कुठे?"

"गंगापुरी. काका, जरा कुणाला तरी..."

"अण्णा वकिलांच्या शेजारी का?"

"अण्णा वकील माझे आजोबा."

"अरे! मग तुला अहो-जाहो कशाला करतोय मी!"

एकदा अरे-तुरे सुरू झाल्यावर सुटकेची घाई संपलीच. तुमच्या वाड्याला अडसर होता, आठवतो का, म्हणाले. भिंतीतल्या खोबणीतून हे एवढं लाकूड ओढायचं. 'हे एवढं' म्हणजे किती, ते मला दारामुळे दिसलं नाही. मग गाडी आजोबांच्या वकिलीवरून आर्देशीर गोदरेज यांच्यावर गेली. "तेही वकीलच. वकिली सोडून १८९७ साली लालबागला कुलपं करायला लागले. तुझ्या आजोबांनी नाही सोडली." हा टोमणा आजोबांना होता की मला, अजून कळलेलं नाही. "आणि शनिशिंगणापूरला बघ, घरांना दारंच नाहीत. २०११ साली बँकेची शाखा निघाली, तीही कुलपाशिवाय. तिथं असतास तर अडकला नसतास."

तिथल्या संडासांना काय असतं, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. वयाकडे बघून गप्प बसलो.

तोवर मी घराच्या किल्लीचं टोक बोंडाच्या जागी उरलेल्या भोकात अडकवून रेटत होतो. अंगठ्याची साल निघाली, पण दांडी सुटली. दार ओढलं. हलेना.

"काका, अजून अडकतंय."

"अडकणारच. बाहेरून मी कडी घातलीय ना."

"का?"

"तू आतून धक्के देतोस, दार खडखडतं. मला बोलताना ऐकू येईना."

बाहेर आलो तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अण्णांसारखा नाही दिसत तू."

मॅनेजरला बोंड दाखवलं. तो म्हणाला, "ते नुसतं बसवून ठेवलेलं असतं. कडी हळू लावायची असते." हे कुठे लिहिलंय? भिंतीवर 'अन्न वाया घालवू नका' आहे, 'भिंतीला टेकू नका' आहे, चपलांबद्दल तर दोन पाट्या आहेत. स्टेजवर झुंबर, खुर्च्यांना मखमल, मेन गेटला नारळाएवढं कुलूप. आणि जिथं माणूस धोतर-झब्ब्यात एकटा उकिडवा बसतो, तिथं हलक्यातला हलका अॅल्युमिनियमचा बोल्ट, तोही चारातल्या दोन स्क्रूंवर. बाकीचे दोन कुणाच्या घरी आहेत देव जाणे. भाडं घेताना दोन स्क्रूंची सवलत काही देत नाहीत.

पंगतीत गेलो तर काका आधीच बसलेले. "ह्यालाच मी बाहेर काढलं!" असं चार पानांपलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं. त्यांच्या पानात पाच जिलब्या होत्या. माझ्यापाशी येऊन वाढपी म्हणाला, "जिलबी संपली, मठ्ठा चालेल?"

बोंड माझ्याच खिशात राहिलंय. काल कार्यालयातून मेव्हण्याला फोन आला होता म्हणे. मी देणार नाहीये.