मित्राय नमः

आमच्या आत्यानं आजवर देवळं पाहिली ती चढून. जेजुरी, सज्जनगड, वणी. त्यामुळे लंडनमध्ये "आज देवळात जाऊ" म्हटल्यावर ती सकाळपासून गुडघ्यांना तेल चोळत बसली.

"आत्या, हे देऊळ खाली आहे. रस्त्यापासून 7 मीटर."

"मग तर जास्त चोळते. उतरतानाच दुखतं."

साडेअकराची वेळ आगाऊ घेतली होती. बँक स्टेशनातून मी दोनदा भलत्याच दारानं वर आलो, तेव्हा अर्धं तेल तिथेच खर्ची पडलं. ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीपाशी आत्या थबकली. "कळस?" मी वरच्या कचेऱ्यांकडे बोट दाखवलं.

जिना उतरता उतरता मी माहिती पुरवत होतो. इसवी सन 240 च्या सुमाराचं, रोमन लोकांच्या मिथ्रस या देवाचं हे देऊळ. 1954 साली नव्या इमारतीसाठी जागा मोकळी करताना सापडलं. उत्खननाच्या ठरलेल्या शेवटच्या दिवशी देवाचं संगमरवरी मस्तक निघालं आणि बघायला अख्खं लंडन रांगेत उभं राहिलं. पुढे 1962 मध्ये अवशेष जवळच एका पार्किंगच्या छतावर मांडले. 2017 पासून पुन्हा इथे.

"बदली झाली होती म्हण की. ह्यांच्यासारखी."

"आणि बायकांना प्रवेश नव्हता बरं का."

"मग झाडलोट कोण करायचं? गेलं ना चिखलात!"

खाली मिट्ट अंधार. मिथ्रसची पूजा गुहेसारख्या, बिनखिडक्यांच्या जागेत चालायची, म्हणून. मग धुकं सुटलं, त्यात उजेडाचे खांब उभे राहिले आणि कुठूनतरी लॅटिन जप सुरू झाला. माझ्याही अंगावर काटा आला. इथेच मी चुकलो. आत्याच्या कानात म्हणालो, "मिथ्रस, इराणी मिथ्र आणि आपला वेदातला मित्र, नाव एकाच मुळाचं."

"आधी नाही का सांगायचं!" आणि खणखणीत आवाजात, "ॐ मित्राय नमः! ॐ रवये नमः!"

सूर्यनमस्काराची बारा नावं आहेत, आणि आत्या मधे थांबत नाही. 'पूष्णे'पर्यंत आली तेव्हा शेजारच्या इंग्रज आजोबांनी मला हळूच विचारलं, "ही मूळ लॅटिन का?" मी हो म्हणालो. त्यांनी मान झुकवली.

दिवे लागले. समोर बुटक्या दगडी भिंती.

"खांब कुठे गेले?"

"उजेडाचे होते."

"आणि देव?"

"मस्तक म्युझियममध्ये असतं."

"खांब धुक्याचे, देव परगावी. आणि मी बारा नमस्कार घातले."

परत वर आलो. इथे भिंतभर काचेआड याच जागेत सापडलेल्या सहाशेवर वस्तू आहेत. वॉलब्रूक ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नाही, म्हणून चामडं आणि लाकूडसुद्धा टिकलं. देवळात न रमलेली आत्या लाकडी पाट्यांच्या गोष्टीत मात्र रमली. पाटीवर मेण थापायचं आणि टोकदार लेखणीनं कोरायचं. मेण गेलं, खालच्या लाकडावर ओरखडे राहिले. त्यातल्याच एका पाटीवर इसवी सन 57 मधली 8 जानेवारी ही तारीख आहे. टिब्युलस लिहून देतो, की घेतलेल्या मालाचे 105 दिनार मी ग्रेटसला देणं लागतो.

आत्यानं चष्मा पुसला.

"फेडले का रे त्यानं?"

"तेवढं लिहिलेलं नाही."

"मग बुडवलेच. फेडले असते तर पाटी पुसली असती."