कॅस्पेज-3 ची कुपी म्हणजे कॅन्सरचं इंजेक्शन नव्हे

राजेहो, नागपुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एका इवल्याशा कुपीचा फोटो फिरतोय. खाली मजकूर: ‘कॅन्सरच्या पेशींना आत्महत्या करायला लावणारी कॅस्पेज-3 अँटिबॉडी परदेशात सर्रास मिळते. डॉक्टर सांगत नाहीत. "फक्त संशोधनासाठी" हे निव्वळ कर चुकवायला लिहितात.’ ज्यांचा पेशंट मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात भरती आहे, ते असला मेसेज दोनदा वाचतात. म्हणून हे उत्तर.

अँटिबॉडी म्हणजे एका ठरावीक रेणूला हुडकून चिकटणारं प्रथिन. ही अँटिबॉडी कुणालाच मारत नाही. कॅस्पेज-3 हे पेशीच्या आतलं, इतर प्रथिनं कापणारं एन्झाइम. एरवी ते निपचित असतं. पेशीला मरायचा निरोप मिळाला की ते स्वतःच कापलं जातं आणि कामाला लागतं. कुपीतली अँटिबॉडी फक्त त्याला चिकटते. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत, अखंड कॅस्पेज-3 ची पट्टी 35 किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आसपास दिसते, कापलेल्याची 17 ते 19 च्या दरम्यान. खालची पट्टी उमटली, म्हणजे पेशी मरणाला लागल्या होत्या. पंचनामा करायला आलेल्या हवालदाराला खुनी म्हणण्यातला प्रकार आहे हा. बरं, त्या ब्लॉटसाठी पेशी आधीच फोडून त्यांचा अर्क काढलेला असतो. अँटिबॉडीचं वजन सुमारे 150 किलोडाल्टन. जिवंत पेशीचं पटल ओलांडून ती कॅस्पेजपर्यंत आपसूक पोचत नाही.

‘पण अँटिबॉडीची औषधं असतातच की!’ असतात ना. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळाली. पण ते पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या हर-2 या प्रथिनाला धरतं, आणि तीन आठवड्यांच्या वेळापत्रकात पहिला डोस किलोमागे 8 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला 480 मिलिग्रॅम. संशोधनाच्या कुपीतला हिशेब मायक्रोग्रॅमचा.

करचुकवेगिरीचा मुद्दा तर हास्यास्पदच. त्या लेबलचा अर्थ सरळ आहे: माणसाला टोचण्यासाठी ही तपासलेलीच नाही. यातल्या बऱ्याच अँटिबॉडी सशापासून मिळवलेल्या असतात आणि कित्येक कुप्यांत टिकण्यासाठी सोडियम अझाइड घातलेलं असतं. ते विष आहे.

मेसेजमध्ये आणखी एक ठोकून दिलंय, की ‘प्रत्येक कॅन्सर याच प्रथिनाने मरतो.’ एमसीएफ-7 ही स्तनाच्या कॅन्सरची जगभर वापरली जाणारी पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी. तिच्या कॅस्पेज-3 च्या जनुकातला तुकडाच गळालेला आहे, कामाचं कॅस्पेज-3 तिच्यात बनतच नाही. तरी औषधं दिल्यावर त्या पेशी मरतात.

डॉक्टर लपवतात म्हणे! पेशीच्या या आत्महत्येचं ॲपॉप्टोसिस हे नाव 1972 पासून छापील आहे, आणि 2002 चं वैद्यकाचं नोबेल याच विषयाला मिळालं. पेशीला मरायला लावणारं औषधही खरोखर आहे: व्हेनेटोक्लॅक्स, 2016 पासून, काही रक्ताच्या कॅन्सरांसाठी. ते पेशीच्या आत शिरून तिला मरणापासून वाचवणाऱ्या बीसीएल-2 या प्रथिनाला अडवतं, आणि ती अँटिबॉडी नाही, तोंडाने घ्यायची गोळी आहे. ती सुरू करताना पेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की त्यांच्या कचऱ्याने मूत्रपिंडं धोक्यात येतात. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने चढवतात आणि सोबत रक्ततपासण्या चालू ठेवतात.