उरलेला गोळा

इपॉक्सी पुट्टीच्या पाकिटावर जवळजवळ सर्व काही लिहिलेले असते. दोन्ही भाग समान घ्यावेत, रंग एकजीव होईपर्यंत मळावेत, हातमोजे घालावेत, लहान मुलांपासून दूर ठेवावे, ठरावीक मिनिटांच्या आत वापरावे आणि त्यानंतर २४ तास त्या जागेला हात लावू नये. लिहिलेले नसते ते एवढेच, की नळाच्या सांध्यातील एका भेगेसाठी नेमकी किती पुट्टी मळावी. ही माहिती उत्पादक मुद्दाम दडवून ठेवतात असे माझे म्हणणे नाही. ती कोणालाच ठाऊक नसावी असा माझा तर्क आहे. भेग जेवढी दिसते तेवढीच कधी नसते, आणि मळलेली पुट्टी कमी पडली तर दुसरी मळून होईपर्यंत पहिली हट्टाला पेटून घट्ट झालेली असते. म्हणून शहाणा माणूस हात थोडा सैल सोडून मळतो, आणि भेग बुजल्यावर त्याच्या तळहातावर गोटीएवढा एक राखाडी गोळा उरतो.

या लेखाचा विषय तो गोळा आहे. भेगेची चौकशी कोणी करू नये. ती बुजते, गळती थांबते आणि त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही. खरा प्रसंग दुरुस्तीनंतर सुरू होतो, कारण एकदा मळलेली पुट्टी पाकिटात परत ठेवता येत नाही.

ती का ठेवता येत नाही, हे समजण्यासाठी थोडे रसायनशास्त्र सहन करावे लागेल. पाकिटातील एका कांडीत इपॉक्सी राळ असते आणि दुसरीत तिला घट्ट करणारे हार्डनर, जे बहुधा अमाइन वर्गातील असते. दोन्हींत शंखजिरे किंवा चुनखडी यांची बारीक पूड घालून त्यांना मळण्याजोगे अंग आणलेले असते. वेगवेगळ्या वेष्टनांत या कांड्या महिनोन्‌महिने मऊ राहतात. एकत्र आल्या, की राळेचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांचे हात धरू लागतात, आणि एकदा धरलेला हात सोडण्याची रीत त्या घराण्यात नाही. मळताना आधी पांढऱ्यात काळ्या रेघा उमटतात, मग त्या बारीक होत होत करड्या होतात, आणि याच सुमारास पुष्कळांना वाटू लागते की आता पुरे. परंतु जिथे रेघ उरली तिथे कोणीतरी जोडीदारावाचून राहिले, असा तिचा अर्थ असतो, आणि तेवढा पट्टा पुढे कायमचा नरम राहतो. रेघांचा मागमूस नाहीसा होईपर्यंत मळत राहिले म्हणजे गोळा किंचित कोमट लागतो. तो कोमटपणा तळहाताचा असे आपण समजतो. प्रत्यक्षात काही भाग त्याचा स्वतःचा असतो.

हार्डनर हे घाई करवणारे औषध आहे, जास्त घातले म्हणजे काम लवकर उरकते, असा एक दृढ समज समाजात आहे आणि माझे मेहुणे त्याचे प्रमुख प्रचारक आहेत. पॉलिएस्टर राळेच्या कामात उत्प्रेरकाचे थेंब कमीजास्त करून वेळ थोडी मागेपुढे करता येते, त्यामुळे हा समज अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. इपॉक्सीत मात्र हार्डनर उत्प्रेरक नसून बरोबरीचा भागीदार असतो. त्याचा वाटा वाढवला तर काही भागीदार रिकामे हिंडत राहतात, आणि जोड धड घट्ट होत नाही की धड सुटत नाही. मेहुण्यांनी दीडपट हार्डनर घालून कपाटाला बसवलेली मूठ अद्याप उघडणाऱ्या प्रत्येकाचा हात प्रेमाने धरून ठेवते. ते तिला ‘मजबूत पकड’ म्हणतात.

आता त्या उरलेल्या गोळ्याकडे वळू. या क्रियेत उष्णता बाहेर पडते, आणि उष्णतेने क्रियाच वेग घेते. भेगेत पसरलेल्या पातळ थरातली उष्णता आजूबाजूच्या धातूत निघून जाते, तर गोळ्यातली गोळ्यातच कोंडते. म्हणजे जिथे पुट्टीने लवकर घट्ट व्हावे असे आपल्याला वाटते, तिथे ती निवांत पडून असते, आणि जिथे आणखी दहा मिनिटे मिळाली तर आपण तिचे भले करू शकलो असतो, तिथे तिला वेळ नसतो. उकाड्यात तर पाहायलाच नको. तापमान १० अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. यावर तोडगा म्हणून काही जाणकार मळलेला गोळा फ्रीजरमध्ये ठेवतात. त्याने क्रिया खरोखर मंदावते, थांबत मात्र नाही. मी हा उपाय घरी मांडून पाहिला. ज्या हातांना मोजे घालावे लागतात त्या हातातली वस्तू खाण्याच्या वस्तूंशेजारी राहणार नाही, असे पत्नीने एका वाक्यात सांगितले. या युक्तिवादात मला कोणतीही फट सापडली नाही, आणि फटी शोधण्यात मी आता बऱ्यापैकी तरबेज आहे.

परिणामी गोळा हातात, घड्याळ भिंतीवर आणि घरभर बातमी, अशी स्थिती निर्माण होते. ही बातमी कशी पसरते याचा उलगडा मला झालेला नाही. एरवी ज्या तुटक्या वस्तू कोणाच्या खिजगणतीत नसतात, त्या नेमक्या या क्षणी बाहेर पडतात. छत्रीची मूठ येते, कान तुटलेला कप येतो, तीन पायांचा खेळण्यातला घोडा येतो, आणि प्रत्येक वस्तूबरोबर ‘अहो, आहे ना हातात अजून?’ हा प्रश्न येतो. या सर्व वस्तू जशा माळ्यावर होत्या तशा येतात, म्हणजे धुळीसकट आणि तेलकटपणासकट. पुट्टी चिकटायची असेल तर पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि सॅंडपेपरने जरा खरखरीत केलेला हवा. तुळतुळीत आणि ओशट जागेवर ती नुसती बसते, रुजत नाही. हे सर्व मी तळहात उंच धरून समजावून सांगतो, आणि सांगण्यातच निम्मा वेळ जातो. कपाच्या बाबतीत आणखी एक पुस्ती जोडावी लागते: कान बाहेरून बसवून देता येईल, मात्र कपाच्या आतली चीर या पुट्टीने भरून त्यातून काही पिऊ नये. त्यावर कप न बोलता परत नेला जातो, कारण चीरही असतेच.

सर्वांत मोठा वाद बादलीचा. बादलीची कडी ज्या कानात अडकते तो कान तुटला होता आणि बादली दुरुस्त होणार नाही असे मी आरंभीच सांगितले होते. बादल्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन यांच्या असतात, आणि या प्लॅस्टिकांच्या पृष्ठभागावर कोणताही चिकट पदार्थ सहसा तग धरत नाही. पुट्टीची कांडी ज्या पातळ पिशवीत गुंडाळून येते ती पिशवी तिला चिकटत नाही, हे आपण रोज पाहतो. बादली त्याच पिशवीच्या गणगोतातली आहे.

“म्हणजे लोखंडाला चिकटते, दगडाला चिकटते, तुमच्या सदऱ्याला चिकटते, आणि बादलीलाच तेवढी चिकटत नाही?”

“बरोबर.”

“लावून तर बघा.”

घड्याळाकडे पाहत मी लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी बादली पाण्याने भरून उचलताच कान अलगद निघून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला बादलीच्या कडेचा इतका नितळ ठसा उमटला होता, की त्यात बादलीवरचा एक जुना ओरखडाही वाचता येत होता. साचा म्हणून ते काम निर्दोष होते. पाणी जिथे सांडले होते तिथे उभे राहून मी तसे म्हणालोही, परंतु ती वेळ कलासमीक्षेची नव्हती.

या पदार्थाचा उगम पाहिला तर तोही पोकळ्या भरण्याच्या व्यवसायाजवळचाच आहे. पिएर कास्तां या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात इपॉक्सी राळेवर काम केले ते दंतवैद्यकाच्या साहित्यासाठी. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हा रंग आणि वार्निश यांच्या दिशेने तिथेच पोचत होता. दातांत या राळेने फारसे मूळ धरले नाही. डिंक म्हणून मात्र ती १९४६ मध्ये अॅराल्डाइट या नावाने बाजारात आली आणि तिचे बस्तान बसले. कास्तांच्या प्रयोगशाळेत दिवसाअखेर किती गोळे उरत असतील आणि त्यांचे तो काय करत असेल, याविषयी इतिहास मौन बाळगतो. इतिहासाला महत्त्वाचे प्रश्न सुचत नाहीत.

माझ्यापुरता मी त्याचा निकाल लावला आहे. वस्तू संपतात, गोळा तरीही उरतो, आणि त्याला फेकून देणे मनाला पटत नाही. तेव्हा माणूस त्याला चिमटीत धरून नकळत दोन कान काढतो. शिल्पकला सुरू होण्यास एवढे पुरते. विषयाची निवडही मला करावी लागली नाही, कारण काळी आणि पांढरी पुट्टी मिळून जो रंग तयार होतो त्याला हत्तीखेरीज कोणताही प्राणी न्याय देऊ शकत नाही. छोट्या प्रतिकृती घडवणारे लोक पिवळी राळ आणि निळे हार्डनर यांच्या पट्ट्या मळून हिरवी पुट्टी करतात. त्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना टेकलेल्या असतात तिथे अगोदरच घट्ट झालेली एक बारीक कड असते, ती कापून टाकतात, आणि मग तिच्यातून मुंगीच्या तोंडाएवढ्या चेहऱ्यालाही पापण्या काढतात. त्यांच्याकडे बराच सवडीचा माल असतो. नळासाठी मळलेल्या पुट्टीतून पापण्या काढू पाहणाऱ्याने आधी स्वतःच्या पापण्या लवणे बंद करावे, एवढाच त्याच्याजवळ वेळ असतो.

या पुट्टीचे तीन स्वभाव आहेत. पहिल्या काळात ती इतकी लोचट असते, की नाक घडवून बोट उचलावे तर नाक बोटाबरोबर येते. बोट किंवा कोरणी पाण्यात बुडवून घेतली तर हा लोचटपणा आटोक्यात राहतो आणि बोटांचे ठसेही पुसले जातात, अन्यथा हत्तीच्या पाठीवर आपली ओळख कायमची नोंदली जाते. दुसऱ्या काळात ती शहाणी होते. चामड्यासारखी चिवट, पण ऐकणारी. धारदार पात्याने कापावी तशी कापली जाते आणि कडा सुबक राहतात. खरे कोरीवकाम याच काळात करायचे असते, आणि पहिल्या काळातला चिकटपणा हातांवरून धुऊन येईपर्यंत हा काळ संपतो. तिसऱ्या काळात ती दगड असते. गणपती करायला गेलो आणि माकड झाले, ही म्हण ज्याने केली त्याच्याजवळ माती असणार. मातीचे माकड भिजवले की पुन्हा गोळा होतो आणि गणपतीची आशा जिवंत राहते. घट्ट झालेली इपॉक्सी तापवून वितळत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि पश्चात्तापाने पाझरत नाही. तिच्यात झालेले माकड हे अंतिम मत असते. त्यानंतर उरतो तो सॅंडपेपर, आणि तोही तोंडावर मास्क लावून, कारण ती धूळ छातीत जाण्याच्या लायकीची नसते. मोज्यांबाबतही मी कडक आहे: घट्ट न झालेल्या पुट्टीचे त्वचेला एकदा वावडे निर्माण झाले, की ते सहसा परत फिरत नाही.

हत्ती एका बैठकीत होत नाही, हे मात्र या माध्यमाच्या पथ्यावरच पडते. घट्ट झालेल्या पुट्टीवर जरा सॅंडपेपर फिरवला, की नवी पुट्टी तिला व्यवस्थित धरते. त्यामुळे आतून तार आणि चुरगाळलेली अॅल्युमिनियमची फॉइल यांचा सांगाडा करून ठेवला आणि घरात जसजशी दुरुस्ती निघाली तसतसा त्यावर हत्ती चढत गेला. त्याचे पोट हे न्हाणीघरातल्या नळाचे आहे. मागचा डावा पाय खिडकीच्या चौकटीचा, उजवा कान छत्रीच्या मुठीचा. दोन्ही कान सारखे नाहीत अशी तक्रार येणारे-जाणारे करतात. त्यांना मी सांगतो, की छत्रीच्या मुठीला फार कमी पुट्टी लागली आणि कुंडीच्या तड्याने मात्र जवळजवळ सगळी गिळली. डावा कान कुंडीच्या वाट्याचा होता.

अडचण अशी, की घरातील सर्व भेगा बुजल्या आहेत आणि हत्तीला सोंड नाही. सोंडेची तार पुढे नुसतीच उभी आहे आणि तिला पाहून पाहुणे ‘ही अॅंटेना का?’ असे विचारतात. केवळ सोंडेपुरती पुट्टी मळावी, असे पत्नीने सुचवले. ते ऐकायला सोपे वाटते. परंतु सोंड नेमकी केवढी लागेल हे कोणी सांगावे, आणि सोंड होऊन पुन्हा गोटीएवढी पुट्टी उरली तर दुसरा हत्ती सुरू करावा लागेल, हे तिच्या ध्यानात आणून दिल्यावर तिने ती सूचना तत्काळ मागे घेतली. हल्ली मी कुंडीजवळून गेलो तरी ती कुंडी उचलून आत नेते. मेहुण्यांना मात्र मी पत्र पाठवून, त्यांच्या कपाटाची मूठ काढून नव्याने, समान भागांत, विनामूल्य बसवून देण्याची तयारी कळवली आहे. उलट टपाली त्यांनी विचारले आहे, की हत्तीचे किती काम बाकी आहे.