मेफ्टाल बॅन झालेली नाही, तो मेसेज फॉरवर्ड करणं थांबवा

"मेफ्टाल स्पास सरकारने बॅन केली, एक गोळी घेतली तरी लिव्हर-किडनी-हार्ट खलास, त्याऐवजी कॉम्बिफ्लाम घ्या, नाहीतर दुखणं सहन करा, आपल्या आयांनी काय गोळ्या घेतल्या होत्या?" पाळीच्या दुखण्यावरच्या या गोळीबद्दलचा हा मेसेज फॅमिली ग्रुपवर परत फिरतोय. मी मेडिकलमध्ये काउंटरला असते, पाळीच्या पहिल्या दिवशी पोट धरून आलेली मुलगी "नको, ती बॅन आहे ना" म्हणून तशीच परत जाते तेव्हा जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

बॅन कुठून आला? 30 नोव्हेंबर 2023 ला इंडियन फार्माकोपिया कमिशनने (औषधांचा दर्जा आणि सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था) मेफेनॅमिक ॲसिडबद्दल (मेफ्टालमधलं मुख्य औषध हेच) एक सेफ्टी अलर्ट काढला. त्यात म्हटलं होतं की या औषधाने ड्रेस सिंड्रोम नावाची रिॲक्शन येऊ शकते, डॉक्टरांनी आणि पेशंटनी लक्ष ठेवा आणि दिसली तर कळवा. बंदीचा त्यात एक शब्द नाही.

आता "एक गोळी घेतली की खलास". ड्रेस ही गंभीर ॲलर्जी आहे हे खरं, जीवावर बेतू शकते हेही खरं, पण ती क्वचित होते आणि बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर 2 ते 8 आठवड्यांनी दिसते. अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी, आतून लिव्हरला त्रास. असं काही दिसलं तर गोळी तिथेच बंद आणि थेट डॉक्टर, आणि एकदा ड्रेस झाली असेल तर हे औषध आयुष्यात परत घ्यायचं नाही.

कॉम्बिफ्लामचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. त्यात आयब्युप्रोफेन असतं, म्हणजे औषधांचं घराणं तेच. ॲसिडिटी, अल्सर, किडनी, बीपी, हार्ट, या सगळ्याची काळजी तिथेही तेवढीच घ्यावी लागते आणि घाबरून दोन्ही एकत्र घेतल्या तर धोका आणखी वाढतो.

आणि "सहन करा"ला माझा ठाम विरोध आहे. पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन जास्त तयार होतं, त्याने कळा येतात आणि ही गोळी तेच कमी करते. डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये, काहीतरी खाऊन, दोन-तीन दिवस घ्यायला बहुतेकींना काही अडचण नसते. दर महिन्याला गोळी घेऊनही उठता येत नसेल तर मात्र गायनॅकला दाखवा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो.

ज्याला खरंच घाबरायला हवं ते त्या मेसेजमध्ये नाहीच. पावसाळ्यात पोराला ताप आला की घरात उरलेलं मेफ्टाल-पी सिरप (त्यातही मेफेनॅमिक ॲसिडच असतं) पाजतात, आणि तो ताप डेंग्यूचा निघाला तर या औषधाने ब्लीडिंगचा धोका वाढतो, म्हणून डेंग्यूची शंका असेल तोवर फक्त पॅरासिटामॉल. प्रेग्नन्सीत 20 आठवड्यांनंतर या गटातल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अल्सर, किडनीचा आजार, हार्टचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तरी आधी विचारायचं. हे शेड्यूल एच औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं आणि आम्ही मेडिकलवाले ते सर्रास देतो ही आमची चूक आहे.

रिॲक्शन आलीच तर 1800-180-3024 या टोल फ्री नंबरवर पेशंट स्वतः कळवू शकतो, गोळीची स्ट्रिप फेकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो.