‘तटस्थ वाचक’ यांना, जरा सविस्तर

इतिहासातल्या गद्दारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तर देऊ नये असंच आधी वाटलं. पण गप्प बसलं की ‘निरुत्तर झाले’ असं म्हणायला लोक मोकळे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांना फितूर झालेला अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्ड, त्याच्याशी संधान बांधणारा इंग्रज अधिकारी मेजर आंद्रे. या आंद्रेला फाशी झाली ती 2 ऑक्टोबर 1780 रोजी. मी लिहिलेली 23 सप्टेंबर ही तो पकडला गेला ती तारीख. चूक माझी, दुरुस्त केली, आभार. (‘शाळकरी चूक’ न म्हणताही हे सांगता आलं असतं.)

आता तुमचं ते वाक्य. ‘वॉशिंग्टननेही इंग्लंडच्या राजाशी बेइमानीच केली, तो जिंकला म्हणून राष्ट्रपिता आणि अर्नोल्ड हरला म्हणून गद्दार, एवढं साधं गणित सोफ्यावर बसून इतिहास लिहिणाऱ्यांना कळत नाही.’

माझ्याकडे सोफा नाही. ते असो. बावीस वर्षं मी हा विषय वाचतोय, आणि ‘इतिहास जेते लिहितात’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत कुणीतरी नव्याने शोध लागल्यासारखं टाकून जातं. आज तुमची पाळी.

1775 मध्ये वॉशिंग्टनने बंडखोर सैन्याची सूत्रं घेतली ती उघडपणे. राजालाही कळलं, जगालाही. हरला असता तर जीव गेला असता, हे त्याला ठाऊक होतं. त्याला राजद्रोही म्हणण्याचा इंग्रजांना पूर्ण हक्क आहे. पण राजाचा विश्वासू म्हणून राजाच्या किल्ल्यात बसून तो किल्ला विकायला काढत नव्हता.

अर्नोल्डने नेमकं तेच केलं. मे 1779 पासून शत्रूशी चोरून पत्रव्यवहार. मग 1780 च्या ऑगस्टमध्ये वेस्ट पॉइंटचा ताबा स्वतः मागून घेतला. हडसन नदीवरचं मोक्याचं ठाणं ते. इंग्रजी जहाजं वर येऊ नयेत म्हणून नदीत आडवी लोखंडी साखळी टाकलेली. तिथला प्रमुख झाल्यावर याने शिबंदी इकडेतिकडे पांगवली आणि भाव ठरवत बसला. ठाणं हातात पडलं तर 20,000 पौंड. बेत फसला तरी 6,000 घेतलेच. आंद्रेच्या मोज्यात ठाण्याचे कागद सापडले, तो बिचारा फासावर गेला. आणि हा मात्र नदीत उभ्या असलेल्या इंग्रजी जहाजावर चढून निसटला. ‘हरला’ म्हणता? 1801 मध्ये लंडनला म्हातारा होऊन वारला की!

त्याच्यावर अन्याय झाला होता, त्याच्या हाताखालच्यांना बढत्या दिल्या गेल्या, साराटोगाच्या लढाईत त्याने पाय मोडून घेतला, हे सगळं मूळ लेखात आहे. तुम्ही तिथवर पोहोचला नसाल. त्या रणांगणावर त्याच्या पायाचं, म्हणजे बुटाचं, स्मारक आहे. त्यावर त्याचं नाव नाही. शौर्याची नोंद ठेवली, माणूस गाळला. यापेक्षा नेमका निवाडा मला तरी सुचत नाही.

आणि फक्त पैशाचाच प्रश्न आहे असंही मी म्हणत नाही. ब्रिटिश अधिकारी किम फिल्बी कम्युनिस्ट विचारांपायी फितूर झाला. पण ब्रिटिश गुप्तचर खात्यात सोव्हिएत हेरगिरीविरुद्धचा विभाग ज्याच्या हाती, तोच सोव्हिएत हेर! 1963 मध्ये तो बैरूतहून मॉस्कोला पळाला; त्याआधी कित्येक वर्षं मित्र त्याची बाजू घेऊन भांडत होते. मत बदललं तर खुर्ची सोडावी. खुर्ची ठेवून मत विकणं, याला माझ्या भाषेत फितुरी म्हणतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या वडिलांच्या भागीदाराने अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून आमचे दर प्रतिस्पर्ध्याला पोचवले. आई आजारी असताना विचारपूस करायला यायचा, आणि त्याच आठवड्यात कागद बाहेर जायचे. तो उघड भांडून गेला असता तर वडिलांनी त्याला माफ केलं असतं. त्यामुळे ‘सगळं दृष्टिकोनावर असतं’ हे मला कृपया शिकवू नका.

बाकी मुद्द्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या महायुद्धात हेरगिरीचा आरोप झालेली नर्तकी माताहारी, तिच्याविरुद्धचा पुरावा कच्चा होता, तिला बळीचा बकरा केलं, असं तुम्ही चार परिच्छेद लिहिलंय. असेल. 1917 मध्ये तिला गोळ्या घातल्या आणि तिचं नाव हेरगिरीला चिकटलं. अशा लेखात ते येणारच. फ्रेंच लष्करी अधिकारी ड्रायफसला 1894 मध्ये खोटंच गद्दार ठरवलं, 1906 मध्ये निर्दोष म्हटलं, मग ‘गद्दार कोण हे ठरवतं कोण’ असाही तुमचा प्रश्न आहे. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

तारीख बदलली आहे. लेखाचं शीर्षक बदलणार नाही. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहिलंत तर बरं. टोपणनावाआडून दुसऱ्याला निष्ठेचे धडे देणं जरा विनोदी दिसतं.