मंत्री केमी आणि नेत्या केमी

ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांच्याबद्दल माझ्या मित्रयादीत दोनच मतं दिसतात. एक, ‘ही बाई भारतीयांच्या विरोधात आहे’. दुसरं, ‘वाघीण आहे, ब्रिटनला अशीच पाहिजे’. दोन्ही मतं बहुधा मिनिटभराच्या रीलवर बनलेली. मला बेडनॉक पटतातही आणि डोक्यातही जातात, अगदी एकाच आठवड्यात. कारण ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी बाजू उघड करतो. जून 2016 मध्ये संघात राहायचं की नाही यावर सार्वमत झालं. मी भारतीय पासपोर्टवर इथे ब्रिटनमध्ये राहत होतो, तरी मला मत होतं. कॉमनवेल्थमधल्या देशांचे इथले रहिवासी सार्वमतात मत देऊ शकत होते. अर्धं आयुष्य इथे काढलेल्या पोलिश किंवा जर्मन माणसाला मात्र तो हक्क नव्हता, आणि निकालाचा सगळ्यात जास्त फटका त्यालाच बसणार होता. मी ‘राहा’ला मत दिलं. पण ओळखीतल्या बऱ्याच देशी मंडळींनी ‘बाहेर पडा’वर फुली मारली, आणि त्यांना वेड्यात काढणं मला कधी जमलं नाही. 2014 मध्ये युरोपीय संघाने फळमाशीचं कारण देऊन 1 मे पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली, सोबत कारलं, वांगं, पडवळ, अळूही. ऐन हापूसच्या हंगामात. इथल्या घाऊक व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, पण निर्णय ब्रुसेल्सचा, म्हणजे संघाच्या मुख्यालयाचा होता. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, चीड राहिली. मग हुजूर पक्षाच्या प्रीती पटेल सांगू लागल्या की संघातून बाहेर पडलो तर करी हाउसला आपल्याकडचे आचारी आणता येतील. लोकांना ते पटलं. पटण्यासारखं होतंच.

बेडनॉकही ‘बाहेर पडा’वाल्याच. 2017 मध्ये खासदार झाल्या तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी ब्रेक्झिटचं मत म्हणजे युनायटेड किंगडमवरचा आजवरचा सर्वात मोठा विश्वासदर्शक ठराव, अशा अर्थाचं वर्णन केलं होतं. विंबल्डनला जन्म, बालपण लागोसमध्ये, सोळाव्या वर्षी परत ब्रिटनमध्ये, मॅकडोनल्ड्समध्ये काम, मग इंजिनीअरिंग. ही कहाणी त्या स्वतःच इतक्या वेळा सांगतात की मी आणखी सांगत बसत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं जानेवारी 2025 चं भाषण. पक्षनेत्या होऊन अडीच महिने झाले होते. पक्ष 2024 च्या निवडणुकीत 121 जागांवर आपटलेला. त्या भाषणात त्या म्हणाल्या की युरोपीय संघ सोडतो असं आम्ही जाहीर केलं, पण बाहेर पडल्यावर आर्थिक वाढ कशी साधायची याचा आराखडा आमच्याकडे नव्हता. लोकांना आवडेल ते आधी बोललो आणि मग ते कसं करायचं ते शोधत बसलो. हुजूर पक्षाच्या नेत्याने, तेही स्वतः ब्रेक्झिटवादी असून, हे इतक्या सरळ कबूल करावं? आधी कळस मग पाया, हे त्यांच्या विरोधकांनी आठ वर्षं ओरडून सांगितलं होतं. माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या तोंडून असलं वाक्य मी उरलेल्या आयुष्यात ऐकणार नाही.

आणि ही नुसती भाषणबाजी नव्हती. मंत्री असताना त्या तशा वागल्याही होत्या.

जॉन्सन पंतप्रधान असताना एप्रिल 2022 मध्ये भारतात आले आणि ‘दिवाळीपर्यंत व्यापार करार’ अशी घोषणा करून गेले. टाळ्या पडल्या. दिवाळी आली, गेली, करार कुठेच नाही. व्यापारमंत्री झाल्यावर बेडनॉक यांनी तारीख काढूनच टाकली. करार महत्त्वाचा, दिवस नव्हे, हे त्यांचं म्हणणं. मुहूर्त आधी ठरवला की सौद्याच्या टेबलावर आपली गरज समोरच्याला दिसते, हे मंडईत भाव करणाऱ्या कोणालाही कळतं. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या कराराचं तेच झालं होतं. तो करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता, असं त्या वेळी कृषिमंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनीच पद गेल्यावर संसदेत सांगितलं.

मे 2023 चा प्रसंग तर मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात धाडसी वाटतो. संघाच्या काळातले सुमारे 4,000 कायदे वर्षअखेरीस आपोआप रद्द व्हावेत, असं विधेयक स्वपक्षातल्याच कट्टर ब्रेक्झिटवादी जेकब रीस-मॉग यांच्या गटाने लावून धरलं होतं. कोणता कायदा कशासाठी होता हे नीट तपासायच्या आत तो जाणार होता. बेडनॉक यांनी तो प्रकार थांबवला आणि यादी सुमारे 600 वर आणली. स्वपक्षातले कट्टर लोक खवळले. सभागृहाला आधी न सांगता निर्णय बाहेर जाहीर केला म्हणून सभापती लिंडसी हॉईल यांनी त्यांना भर सभागृहात झापलं, आणि बाईंनी जी माफी मागितली तीही अशी की हॉईल आणखी चिडले. पुढे समितीसमोर त्या म्हणाल्या की मी आगी लावणारी नाही, कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. आहे ते जपून, पारखून बदलायचं, हा त्या पक्षाचा मूळ स्वभाव. ब्रेक्झिटच्या धुमाळीत तो हरवला होता. त्या दिवशी तो दिसला.

जानेवारी 2024 मध्ये कॅनडाशी बोलणी थांबवली गेली तेव्हाही खातं त्यांच्याकडेच होतं. कॅनडाने ब्रिटिश चीजची जुनी सवलत संपवली होती, कर 245% वर गेला होता, शिवाय त्यांना हार्मोन दिलेल्या गुरांचं मांस इथे विकायचं होतं. ब्रिटनने बोलणी थांबवली. चीजसाठी!

मग नेत्या झाल्यावर काय बिघडलं?

बिघडलं असं मला वाटतं, कारण नायजेल फराज मागे लागले. त्यांचा रिफॉर्म पक्ष मतं ओढतोय, मे 2025 च्या स्थानिक निवडणुकांत हुजूर पक्षाच्या शेकडो जागा गेल्या, आणि बाई तेच करू लागल्या ज्याबद्दल जानेवारीत पक्षाचे कान धरले होते. भारताशी करार अखेर 6 मे 2025 ला मजूर पक्षाच्या स्टार्मर सरकारने पूर्ण केला. व्हिस्कीवरचा 150% कर निम्म्यावर, दहा वर्षांत 40% वर. आपल्या बाजूने बघितलं तर भारतीय पादत्राणांवरचा 16% पर्यंतचा कर शून्य, म्हणजे कोल्हापुरीलाही रस्ता मोकळा. दूध आणि सफरचंद भारताने वगळलं, ते बरं केलं. या कराराचा पाया बेडनॉक यांच्या काळात घातला गेला. पण त्यांनी पकडलं काय? तर तीन वर्षांपर्यंतच्या बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्याला इथला नॅशनल इन्शुरन्स (पगारातून जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) भरावा लागणार नाही, ही तरतूद. ‘दोन प्रकारचे कर’ म्हणून गहजब. याच कारणासाठी मी सही नाकारली होती, असंही त्या म्हणाल्या.

हे मला जवळून माहीत आहे म्हणून लिहितो. हिंजवडीहून दोन वर्षांसाठी आलेला मुलगा भारतात पीएफ भरतो आणि पहिलं वर्ष सरलं की इथेही त्याच्यासाठी नॅशनल इन्शुरन्स जातो. इथल्या सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षांचं योगदान लागतं, म्हणजे त्याच्या पदरात काही पडणार नसतं. आता तो भारतातच भरेल. इथून भारतात जाणाऱ्या ब्रिटिश माणसालाही तीच सवलत. अमेरिका, जपान, कोरियाशी ब्रिटनचे असे करार कधीपासून आहेत. तेव्हा गहजब का नव्हता, याचं उत्तर बाईंनी दिलेलं मी वाचलं नाही. त्या भारतीयांच्या विरोधात आहेत, असं मी तरीही म्हणणार नाही. फराज यांच्या मतदाराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या बोलत होत्या, एवढंच.

ऑक्टोबर 2025 मध्ये मँचेस्टरच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी युरोपीय मानवी हक्क करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं. (हा करार आणि युरोपीय संघ वेगळे. ग्रुपवर गल्लत करू नका, प्लीज.) इथे मात्र त्यांनी आधी पक्षातलेच कायदेतज्ज्ञ लॉर्ड वुल्फसन यांच्याकडून जवळजवळ 200 पानांचा कायदेशीर अहवाल करून घेतला. निर्णय मला मान्य नाही, पण क्रम तरी सुधारला.

माझं खरं भांडण मात्र जिथे माझं पोट आहे तिथे आहे. मी मिडलँड्समध्ये एका छोट्या खाद्य कंपनीत निर्यातीची कागदपत्रं बघतो. आमचे पनीर समोसे नेदरलँड्समधल्या देशी दुकानांत जातात. 2021 पासून पनीर असलेल्या प्रत्येक खेपेला आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते पशुवैद्याने सही करून द्यायचं, खर्च 200 पौंडांपर्यंत. सही आणि शिक्का छपाईपेक्षा वेगळ्या रंगाच्या शाईत हवा. काळ्यावर काळी सही झाली की माल बंदरावर अडकून पडू शकतो. आमचे डॉक्टर खिशात निळं पेन ठेवतात, मीही टेबलावर दोन जास्तीची ठेवतो. समोसा तोच, भट्टी तीच. ब्रेक्झिटमुळे अर्थव्यवस्थेची उत्पादकता लांब पल्ल्यात 4% कमी राहील, असं सरकारी अर्थसंकल्पीय कार्यालय गृहीत धरतं. त्या टक्क्यांत आमची ही निळी पेनंही आलीच. बदल्यात बेडनॉक यांनी जुलै 2023 मध्ये ऑकलंडला सही केलेला पॅसिफिक देशांच्या व्यापारगटातला प्रवेश आहे, त्याचा फायदा सरकारच्याच अंदाजाने अर्थव्यवस्थेच्या 0.08%.

मे 2025 मध्ये स्टार्मर यांनी संघाशी ठरवलं की अन्नपदार्थांचे नियम जुळवून घेऊ, म्हणजे ही प्रमाणपत्रं जातील. बाईंनी त्याला शरणागती म्हटलं आणि सत्तेवर आलो तर फिरवू असं सांगितलं. ब्रुसेल्सचे नियम आपल्याला न विचारता लागू होतील, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. आंब्याच्या वेळी तेच झालं होतं. पण मग तो करार फिरवल्यावर आमच्या मालाचं काय, याचा आराखडा कुठे आहे? जानेवारीत पक्षाला हाच प्रश्न तुम्ही विचारला होता ना? चेडर चीजसाठी अख्ख्या कॅनडाला थांबवलंत, बाई. पनीरवर दोन ओळी तरी लिहा.