गोगलगायीला काही लक्षात राहत नाही म्हणे!

पाऊस लागला की नाशिकजवळच्या आमच्या मखमलाबादच्या शेतकरी ग्रुपवर शंखी गोगलगायींचे फोटो येतात, आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचा तो मेसेज: "गोगलगायीला मेंदू नाही, जीभ नाही. चव कळत नाही, काही लक्षात राहत नाही. विषारी गोळी तीच ती टाकत राहा, आज नाही तर उद्या खाईलच." यंदा तो तिसऱ्यांदा आला, म्हणून लिहायला बसलो.

जीभ नाही? रात्री बॅटरी घेऊन कोथिंबिरीच्या वाफ्यातली एक गोगलगाय उचला, काचेच्या बरणीत सोडा आणि काचेवर चढली की पलीकडून बघा. तोंड उघडतं, कानशीसारखी खरखरीत पट्टी बाहेर येते, काच खरवडते, आत जाते. परत तेच. त्या पट्टीवर हजारो बारीक दात असतात. चव तिला ओठांपाशी आणि पुढच्या आखूड शिंगांनी कळते.

मेंदूचं म्हणणं अर्धं खरं. आपल्यासारखा एक गोळा नसतो. अन्ननलिकेभोवती मज्जापेशींच्या गाठींचं कडं असतं. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायीत अशा पेशी जेमतेम वीसेक हजार. पण तेवढ्यावर भागतं.

आता आठवण. जपानमधल्या एत्सुरो इतो यांच्या गटाने लिम्नियाला साखरेचं पाणी दिलं. ते लागलं की तिचं तोंड भराभर उघडझाप करतं. मग लगेच पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, जे तिला सोसत नाही. ती अंग आखडून घेते. अशा जोड्या पुन्हापुन्हा दिल्यावर नुसत्या साखरेलाही तोंड उघडेना. ही अढी महिनाभरसुद्धा टिकली. त्याआधी 1975 साली अ‍ॅलन गेल्परिन यांनी बिनशंखाच्या गोगलगायीत, म्हणजे आपल्या शेंबीच्या जातभाईत, हेच पाहिलं होतं: नवं खाणं, त्यावर कार्बन डायऑक्साइडचा त्रास, आणि पुढे त्या खाण्याकडे पाठ.

"दमली असेल, पोट भरलं असेल," असं एक काका ग्रुपवर म्हणाले. शंका रास्त आहे, काका. म्हणूनच काही गोगलगायींना तीच दोन पाणी उलट क्रमाने दिली, आधी त्रास आणि मग साखर. त्यांनी साखर सोडली नाही. थकवा असता तर दोन्हीकडे सारखाच दिसला असता. भुकेचा संबंध मात्र आहे, पण वेगळाच. एक दिवस उपाशी असलेली चांगली शिकते. पाच दिवस उपाशी असलेली साखर दिसली की तोंड उघडतेच. पोटात आग पडल्यावर कसली अढी!

राहिलं "उद्या खाईलच". हे प्रयोग तळ्यातल्या आणि बिनशंखाच्या गोगलगायींवरचे. आपल्या वाफ्यातली आफ्रिकन शंखी अगदी तशीच वागेल असं मी म्हणणार नाही. पण मेटाल्डिहाइड या विषाची गोळी थोडीच चाटलेली गोगलगाय दमट हवेत सावरू शकते, आणि नाशिकच्या जुलैत हवा दमट नसते कधी? सावरलेलीने त्या गोळीचीच अढी धरली तर? शिवाय रोज टाकलेल्या गोळ्या बांधावरचं कुत्रं खातं आणि मरतं, ते त्या मेसेजात कुठेच नाही.

मी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाकडेने टाकतो. पहाटे उलटली की खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. वाफ्यात परत कोणी जातच नाही, त्यामुळे गुळाचं नाव अजून खराब झालेलं नाही.